हरकत न्हाई, पण

कसबे आमळी येथील साहेबबागेत सारजाबाई रोज दुपारी चिंचेखालच्या कट्ट्यावर बसत असत, आणि बसून काहीही करत नसत. हा प्रकार वर्षानुवर्षं राजरोस चालू होता. त्याला निधी नव्हता, समिती नव्हती, उद्घाटक नव्हता, त्यामुळे तो सुरळीत चालला होता. गेल्या वर्षी मात्र वरच्या पातळीवर असं लक्षात आलं की, नागरिक बागेत येतात खरे, पण त्यांचा बागेत सहभाग नसतो. तिथून पुढं जे झालं त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. चांगल्या हेतूची इतकी माणसं एकदम एका बागेत शिरली की गवत उरत नाही, एवढंच.

आमळी हे शिरूर आणि दौंडच्या मधलं, भीमेकाठचं गाव. शिरूरवाले म्हणतात ते दौंडकडं पडतं, दौंडवाले म्हणतात ते शिरूरकडं पडतं, आणि रस्त्यातले खड्डे बुजवायची वेळ आली की दोघांचंही म्हणणं मान्य होतं. फार पूर्वी कालव्याच्या कामावर आलेल्या कुणा इंग्रज साहेबानं इथं बंगला बांधला, भोवती बाग लावली आणि तो हिवतापानं मेला. बंगल्याचे घडीव दगड गावानं हळूहळू आपापल्या घरी सुखरूप नेऊन ठेवले. उरली ती चिंच, दोनचार करंज, एक दगडी हौद आणि चिंचेभोवतीचा कट्टा. इतकी वर्षं ही बाग नुसती जुनी होती. ऐतिहासिक उद्यानांसाठी योजना निघाली, त्या आठवड्यात ती ऐतिहासिक झाली. या दोहोंत फरक आहे. जुनी वस्तू कुणीही उठून पाडतो. ऐतिहासिक वस्तू पाडायला आराखडा लागतो.

सारजाबाईंचं घर गावातल्या मोठ्या घरांपैकी. नवरा संपतराव सोसायटीचे संचालक, रानात ऊस, गोठ्यात जनावरं. मुलगा पृथ्वीराज रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. सून मोनाली, नात राजनंदिनी. घर भरलेलं होतं आणि भरल्या घरात बाईला बसता येत नाही. बसली की कुणाला तरी पाणी हवं असतं, कुणाचा तरी टॉवेल सापडत नसतो. म्हणून दुपारची भांडी झाली की सारजाबाई मुलाच्या कंपनीनं दिवाळीला दिलेला थर्मास चहानं भरायच्या आणि बागेत जायच्या. तिथं जाईबाई आलेल्या असायच्या.

जाईबाई पंचशीलनगरातल्या. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. गावातल्या निम्म्या पुढाऱ्यांची नाकं पुसून त्यांनी त्यांना खिचडी भरवली होती, आणि या गोष्टीची आठवण त्या पुढाऱ्यांना चारचौघांत करून द्यायला त्या विसरत नसत. सारजाबाई आणि त्या एकाच वयाच्या. दोघींची ओळख पोलिओच्या डोसापासूनची. त्या दिवशी सारजाबाईंच्या सासूबाईंनी, अनसाबाईंनी, जाईबाईंना ओसरीवर चहा दिला होता. बाहेरच्या कोनाड्यात पालथा घातलेला एक कप होता, त्यातून. जाईबाईंनी त्या कपाकडं पाहिलं आणि आपण चहा सोडल्याचं सांगितलं. त्यानंतर त्या आळीत त्यांनी कधी चहा घेतला नाही. कट्ट्यावर मात्र थर्मासच्या एकाच झाकणातून दोघी आळीपाळीनं चहा प्यायच्या. झाकण एकच असतं, दुसरं येत नाही, असं सारजाबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. मग त्या विषयावर कुणी कधी बोललं नाही. सारजाबाई कधी पंचशीलनगरात गेल्या नाहीत आणि जाईबाईंनी कधी बोलावलं नाही. अख्ख्या आमळीत या दोघींच्या मैत्रीला जागा अशी ती एकच होती, आणि ती जागा सरकारी होती.

योजनेची अट अशी की आराखडा लोकांनीच करायचा. लोकांना आराखडा करता येत नाही, म्हणून लोकांच्या वतीनं लोकांना विचारून तो करायला पुण्याची एक संस्था नेमली गेली. संस्थेनं रश्मीला पाठवलं. मुलगी गोड होती, उन्हातान्हात फिरायची, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करायची. एके दुपारी ती कट्ट्यापाशी आली आणि तिनं हातातली टॅबलेटची पाटी उघडली.

"आजी, तुम्ही या बागेचा वापर कशासाठी करता?"

"वापर म्हंजी?"

"म्हणजे चालायला येता, व्यायामाला, योगासनांना, मुलांना खेळवायला, फोटो काढायला?"

"बसतो आम्ही."

रश्मीनं पाटीवर बोट वरखाली फिरवलं. बसणे तिथं नव्हतं. "बसून काय करता?" तिनं विचारलं.

सारजाबाई ओशाळल्या. शेजारी तरणीताठी कामाची पोरगी उभी असताना आपण भर दुपारी बसलोय, हे त्यांना एकदम उघड्यावर आल्यासारखं वाटलं. "काय न्हाई," त्या म्हणाल्या.

रश्मीनं तेच नोंदवलं. मग ती करंजाखाली पत्ते खेळणाऱ्या मंडळींकडं गेली. दौंडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले चांगदेव पत्ते मांडीखाली सरकवून म्हणाले, काय न्हाई. कंपनीच्या बसची वाट बघत आडवे झालेले कामगार म्हणाले, काय न्हाई. हौदामागं एक जोडपं होतं. त्यांनी तर प्रश्न पुरा व्हायच्या आत सांगितलं. शेळ्या घेऊन आलेल्या रतनबाईंच्या शेळ्या समोर करंजाचा पाला ओरबाडत होत्या, तरीही त्या काय न्हाईच म्हणाल्या. विनय, लाज, भीती आणि शेळी या चार वेगवेगळ्या कारणांनी आलेलं उत्तर एकच होतं, आणि यंत्राला कारणाशी कर्तव्य नसतं.

नगरपंचायतीच्या सभागृहात पडद्यावर निष्कर्ष दाखवले गेले तेव्हा मुख्याधिकारी गंभीर झाले. बागेचा प्रमुख उपयोग: काही नाही. जवळजवळ सर्व नागरिक बागेत येऊन काही नाही हे करतात, तेही रोज आणि नियमितपणे. गावाच्या मध्यावर एवढी मोक्याची जागा जनतेकडून निष्क्रियतेसाठी वापरली जाते, ही बाब खेदाची असल्याचं त्यांनी नमूद केलं. नगराध्यक्ष सोपानराव यांनीही मान हलवली. लोकांना काहीतरी करायला लावल्याशिवाय विकास झाला असं म्हणता येत नाही, हे त्यांचं जुनं मत होतं.

मग लोकांच्या इच्छेनुसार आराखडा तयार झाला. चालण्यासाठी गोल रस्ता, म्हणजे माणूस निघाला तिथंच परत येईल. लोखंडी व्यायामयंत्रं. हौदात रंगीत कारंजं. दर्शनी भागात इंग्रजी अक्षरांत 'आय लव्ह आमळी', तेही रात्री उजळणारं. आणि या सगळ्यात नागरिकांचा सहभाग आहे हे पुढच्या पिढ्यांना कळावं म्हणून एक सहभाग स्तंभ. स्तंभ कुठं उभारायचा यावर शास्त्रीय विचार झाला. पाहणीत सर्वांत जास्त नागरिक जिथं आढळले, तीच लोकसहभागाची जागा, हे उघड होतं. तो चिंचेखालचा कट्टा निघाला. चिंच ऐतिहासिक असल्यानं राहणार होती. कट्टा नंतर कधीतरी बांधलेला असल्यानं काढायचा होता.

बातमी मोनालीच्या मोबाइलवर आली आणि सारजाबाईंनी ती कट्ट्यावर सांगितली. जाईबाईंनी झाकणातला चहा संपवला. मग म्हणाल्या, "हरकती मागवल्यात त्यांनी. मांडव घालून सुनावणी हाय. आपण हरकत घेऊ."

"हरकत घ्यायची म्हंजी भांडायचं व्हय?"

"भांडायचं न्हाई. उभं ऱ्हायचं आन् म्हणायचं, माझी हरकत हाय. म्हण बघू."

"माझी हरकत..." सारजाबाई अडल्या. "न्हाई" हा शब्द आपल्या पायानं चालत पुढं येत होता. त्यांनी तो तीनतीनदा गिळला आणि तो तीनतीनदा वर आला. जाईबाई हसून हसून कट्ट्यावर लवंडल्या. अंगणवाडीत पोरांना कविता पाठ करून घेताना इतका त्रास पडला नव्हता, असं त्यांनी सांगितलं आणि घरी सराव करायला बजावलं.

सारजाबाईंनी तो प्रामाणिकपणे केला. मोनालीनं विचारलं, आई, दोन दिवस वरवंडला माहेरी जाऊन येऊ का? सारजाबाई म्हणाल्या, हरकत हाय. मोनालीच्या हातून भाजी करपली. पृथ्वीराजनं विचारलं, कंपनीतली पोरं रविवारी जेवायला आणली तर चालतील का? सारजाबाई म्हणाल्या, हरकत हाय. पृथ्वीराज शेजारून रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आला. नंतर दोघांना त्यांनी समजावून सांगितलं की हरकत तुम्हांला नाही, आराखड्याला आहे. पण तोवर घर हादरलेलं होतं. संपतराव म्हणाले, हिला पित्त झालंय.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या सारजाबाईंनी आठवून पाहिलं. लग्न झाल्यापासून या घरात आपण कशाला हरकत घेतली होती? एकही प्रसंग आठवेना. लग्नाची बोलणी झाली तेव्हासुद्धा त्यांची हरकत नव्हती, आणि ते हरकत न्हाईही त्यांच्या वतीनं त्यांचे मामाच म्हणाले होते. सारजाबाईंना स्वतःचा राग आला. कट्टा जातोय, जाईशी बोलायची जागा जातेय, आणि आपल्याला एक शब्द नीट बोलता येईना, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पहाटे दूध काढताना त्यांनी म्हशीला ठणकावून सांगितलं, माझी हरकत हाय. म्हशीनं ते मनावर घेतलं नाही, पण शब्द मात्र जिभेवर बसला.

सुनावणीच्या दिवशी बागेतच मांडव घातला होता. नागरिक आपण होऊन फारसे येत नाहीत, म्हणून वाड्यावस्त्यांवरून त्यांना टेम्पोनं आणवलं होतं. व्यासपीठावर खुर्च्या, खुर्च्यांवर टॉवेल, आणि मधोमध तीन पायांच्या तिकाटण्यावर संस्थेचं जनमत यंत्र. रश्मीनं ते समजावून दिलं. नागरिकानं समोर येऊन बोलायचं. यंत्र चेहरा ओळखतं, बोलणं ऐकतं आणि मत नोंदवतं. हरकत नसली तर हिरवा दिवा, असली तर लाल. एका नागरिकाचं एकच मत, आणि ते पहिलं.

"आपल्याकडची बोली कळती का त्याला?" कुणीतरी विचारलं.

"खास शिकवली आहे," रश्मी अभिमानानं म्हणाली. "न्हाई, हाय, व्हय, सगळं कळतं. भरीचे शब्द मात्र ते गाळतं. म्हंजी, बरं का, पण, असे. नाहीतर डेटा फार होतो."

"आन् पणच्या म्होरं जे बोलू ते?"

"पणच्या पुढे पुढचा नागरिक."

पहिले चांगदेव उठले. भल्या माणसाच्या रीतीप्रमाणे त्यांनी आधी यजमानाचा मान राखला. म्हणाले, आध्यक्षांच्या कामाला आपली काय हरकत न्हाई, पण पत्त्याला जरा सावलीची जागा... टिंग. हिरवा दिवा. टिंग झालं की टाळ्या वाजवायच्या असं टेम्पोतच सांगितलेलं होतं, टाळ्या वाजल्या. रतनबाई म्हणाल्या, बाग चांगली करा, हरकत न्हाई, पण शेरडं कुठं न्यायची? टिंग. कंपनीतला एक कामगार म्हणाला, डेव्हलपमेंटला हरकत न्हाई साहेब, पण बस येईपर्यंत आम्ही... टिंग. आमच्याकडं माणूस नाही म्हणायच्या आधी हो म्हणतो. समोरच्याला बरं वाटावं म्हणून दाराशी हो ठेवायचं आणि मग आत जाऊन नाही काढायचं, ही इथली जुनी रीत आहे. यंत्र दारातूनच परत जात होतं.

जाईबाईंच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यांनी सारजाबाईंचा दंड धरला आणि कानात सांगितलं, आधी काय बी बोलू नकोस. नमस्कार नको, आध्यक्ष नको. थेट हरकत हाय म्हण. सारजाबाईंनी मान डोलावली, पदर डोक्यावरून घेतला आणि ओठांतल्या ओठांत ते तीन शब्द घोळवत त्या व्यासपीठाकडं निघाल्या. ऊन मी म्हणत होतं.

सोपानराव त्यांचे भावकीतले दीर. वहिनी येताना पाहून ते खुर्चीतून उठले. ते त्यांनी मुद्दाम केलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. माणूस खरोखर अगत्यशील होता आणि म्हणूनच दर खेपेला निवडून यायचा.

"वहिनी, उन्हाच्या आलाय," ते म्हणाले. "आधी जरा टेका, पाणी घ्या. मागनं बोलला तरी चालंल न्हवं?"

"हरकत न्हाई," सारजाबाई म्हणाल्या.

टिंग.

टाळ्या वाजल्या. सारजाबाई दिव्याकडं बघत राहिल्या. एवढा सराव, एवढं पाठांतर, आणि आयुष्यभराच्या वळणानं पेलाभर पाण्यासाठी दगा दिला होता. "आवं, पर म्या अजून..." त्या म्हणाल्या. 'पर' हे पणचंच गावाकडचं रूप असल्याचं यंत्राला शिकवलेलं होतं. रश्मीनं त्यांचा हात हातात घेऊन त्यांचे आभार मानले आणि मत नोंदलं गेल्याचं सांगितलं. सारजाबाईंचे डोळे भरून आले. शेजारी बसलेल्या बाईनं त्यांना विचारलं, आनंदानं का?

मग जाईबाई उठल्या. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही, पाण्याचा पेला बाजूला सारला आणि यंत्राच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "माझी हरकत हाय."

लाल दिवा लागला. ट्रक मागं घेताना होतो तसा आवाज झाला. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. रश्मीचा चेहरा मात्र खुलला. एकही हरकत नसली तर वरची माणसं अहवालावर शंका घेतात, एकदोन लागतातच. तिनं उत्साहानं सांगितलं की हरकतीचं कारणही नोंदवायचं असतं.

"कट्टा काढू नगा," जाईबाई म्हणाल्या.

"कट्ट्यावर तुम्ही काय करता?"

"बसतो." एवढ्यावर भागणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "बसून बोलतो."

सोपानराव पुढं वाकले. "काय बोलता, बाई?" त्यांनी सहज विचारलं.

जाईबाई वादात कधी हरलेल्या नव्हत्या. त्यांनी सारजाबाईंकडं पाहिलं. कट्ट्यावर त्या काय बोलत? जाईबाईंचा मुलगा सम्राट नाशिकला गेल्यापासून फोन करत नाही, हे. सारजाबाईंचं पहिलं मूल आठ दिवसांचं होऊन गेलं, त्याचं नाव ठेवायचं ठरलं होतं आणि ते नाव घरात आजवर कुणी उच्चारलं नाही, हे. गुडघे, सुना, रात्रीची न लागणारी झोप. त्यातलं एक अक्षरही माइकवर सांगायचं नव्हतं. सगळा मांडव कान देऊन बसला होता.

"काय न्हाई," जाईबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आसंच."

यंत्रानं ते टिपलं. हरकत: आहे. कारण: काही नाही. अहवालात असं आलं की, आराखड्यास आमळीच्या नागरिकांनी भरघोस सहभागातून संमती दिली असून एक हरकत विनाकारण प्राप्त झाली आहे.

उद्घाटन थाटात झालं. अक्षरं उजळली, कारंजं उडालं. पत्तेवाले नदीच्या घाटावर गेले, कामगार रस्त्याच्या कडेला उभे राहू लागले, शेळ्या नाइलाजानं नगरपंचायतीच्या कुंड्यांकडं वळल्या. बागेला कुंपण झालं, फाटक झालं आणि फाटकावर पहारेकरी बसला. कट्ट्याच्या जागी ग्रॅनाइटचा स्तंभ उभा राहिला. त्यावर सहभागी नागरिकांची नावं सोनेरी अक्षरांत कोरलेली होती आणि त्यात सारजाबाईंचं नाव वरच्या ओळीत होतं. त्या जिथं बसायच्या तिथं आता त्यांचं नाव उभं होतं. जाईबाईंचं नाव नव्हतं, कारण हरकतीला सहभाग धरत नाहीत.

एका दुपारी सारजाबाई सवयीनं थर्मास घेऊन फाटकापाशी गेल्या. पहारेकऱ्यानं विचारलं, आज्जी, काय काम हाय? त्या म्हणाल्या, काय न्हाई. तो म्हणाला, मग आत कशाला? व्यायाम करणार आहात का? फोटो काढणार आहात का? त्यानं दुष्टपणानं विचारलं नाही, त्याला तसं नेमून दिलेलं होतं. सारजाबाई मागं वळल्या. रस्त्याच्या पलीकडं जाईबाई उभ्या होत्या. त्याही नुकत्याच परत फिरवल्या गेल्या होत्या. किती तरी दिवसांनी दोघी एकमेकींना दिसल्या. रस्त्यावर उभ्या उभ्या चार शब्द बोलून झाले. ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याला वाट द्यायला त्या गटाराच्या कडेला सरकल्या. थर्मास सारजाबाईंच्या हातात तसाच होता. झाकण उघडावं कुठं, हे कळत नव्हतं.

मग जाईबाईंनी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते विचारलं. विचारलं नव्हतं, कारण 'पण' ऐकायची त्यांची तयारी नव्हती.

"माझ्या घरी येती का? ओटा हाय. चहा टाकते."

सारजाबाईंच्या डोळ्यांपुढून सगळं गाव गेलं. भावकी गेली, संपतराव गेले, बाहेरच्या कोनाड्यातला तो पालथा कप गेला. घशात इतक्या दिवसांचा पाठ केलेला शब्दही होता, अगदी तयार. त्यांनी तो आत ढकलला.

"हरकत न्हाई," त्या म्हणाल्या. आणि पुढं काहीच बोलल्या नाहीत.

पंचशीलनगर बागेपासून हाकेच्या अंतरावर होतं. सारजाबाईंना ते फार लांब वाटत आलं होतं. ओट्यावर जाईबाईंनी सतरंजी घातली, बशीसकट दोन कप आणले. कप सारखेच होते. सारजाबाईंना आधी लाज वाटली, इतकी वर्षं आपण का आलो नाही म्हणून. मग बरं वाटलं. त्या दिवशी दोघी दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या.

आणि त्याच संध्याकाळपासून आमळीत खऱ्या हरकती सुरू झाल्या. बागेच्या सुनावणीला ज्यांना टेम्पो पाठवून आणावं लागलं होतं, ते आता आपण होऊन, पायी, चपला काढून सारजाबाईंच्या ओसरीवर आले. यंत्र नव्हतं, मांडव नव्हता, तरी एवढा लोकसहभाग गावाच्या इतिहासात कधी झाला नव्हता. भावकीतले एक आप्पा म्हणाले, जाण्याला हरकत न्हाई, पण गावात चर्चा होती. देवळाच्या मंडळाचे कारभारी म्हणाले, आजकाल कोण मानतंय, हरकत न्हाई, पण रोज रोज? शेजारीण म्हणाली, मैत्रीला कुणाची हरकत आसंल, पण चहा? संपतराव म्हणाले, माझी स्वतःची काही हरकत नाही, पण सोसायटीची निवडणूक तोंडावर आहे. यंत्र असतं तर ओसरी हिरव्या दिव्यांनी उजळून निघाली असती.

शेवटी सोपानराव आले. मोनालीनं पुढं केलेलं पाणी त्यांनी घेतलं, वहिनींची तब्येत विचारली आणि मग मुद्द्यावर आले. आपण जातपात मानणारी माणसं नाही, जयंतीला पहिला हार आपलाच असतो, तेव्हा हरकत अशी काही नाही, पण... हा पण बराच वेळ चालला. सारजाबाई पदर सावरून शांतपणे ऐकत होत्या. सुनावणीत एक गोष्ट त्या शिकल्या होत्या. यंत्र पणच्या आधीचं ऐकतं. त्यांनी पणच्या पुढचं ऐकायला सुरुवात केली होती.

"आन् तिथं बसून रोज करता तरी काय, वहिनी?" सोपानरावांनी शेवटी विचारलं.

"काय न्हाई," सारजाबाई म्हणाल्या. आता त्या ओशाळल्या नाहीत. "भावजी, तुमची हरकत ऐकून घेतली. कारण काय धरू?"

सोपानरावांनी तोंड उघडलं, ओसरीतल्या माणसांकडं पाहिलं, कोनाड्याकडं पाहिलं आणि मिटलं.

"मग विनाकारण धरते," सारजाबाई म्हणाल्या आणि चहाचा थर्मास भरायला आत गेल्या.

तेव्हापासून जाईबाईंचा ओटा चालू आहे. त्याला निधी नाही, समिती नाही, आराखडा नाही, त्यामुळे तो टिकेल असा अंदाज आहे. हळूहळू रतनबाई येऊ लागल्यात, शेळ्यांसह. इथवर वाचून आपल्यालाही सारजाबाईंचं कौतुक वाटलं असणार, कारण वाचक ही जात फार उदार असते. ओट्यावर जागा आहे, कप सारखे आहेत, दुपारी कधीही यावं. तिथं जायला आपली काही हरकत नसणार, हे इथं गृहीत धरलेलं आहे. फक्त त्यापुढं जे आपल्या ओठांवर आलंय तेवढं मोठ्यानं बोला. यंत्र केव्हाच पुण्याला परत गेलंय आणि इथं आपल्याशिवाय दुसरं कुणी ऐकायला नाही.